अकरावीचा ग्रुप ठरवायच्या आधी बारावीनंतरचा फॉर्म वाचा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की तुमच्या पेपरात आठवडाभर क्लासवाल्यांच्या जाहिराती सुरू होतात, पोरापोरींचे फोटो, खाली मार्क, मेडिकलच्या नीटला इतके आणि इंजिनिअरिंगच्या जेईईला तितके. पेपर चालवायला जाहिराती लागतात हे कळतं, त्याबद्दल तक्रार नाहीये. पण त्याच पानावर एक छोटी चौकट आजपर्यंत कुठल्याच पेपरात बघितली नाही मी, की अकरावीला गणित सोडलं तर बारावीनंतर कोणकोणते फॉर्म भरता येत नाहीत आणि बायो सोडलं तर कोणते. ती चौकट तुम्ही छापावी एवढंच मागणं आहे, पण का छापावी ते सांगताना पत्र जरा लांबणार, कृपा करून कापू नका.

माझं जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला ऑनलाईन सेंटर आहे, लोक अजून सायबरच म्हणतात. अकरावीचं ॲडमिशन, स्कॉलरशिप, राज्याची सीईटी, नीट, डिग्रीच्या प्रवेशाचे कॅप राऊंड, सगळे फॉर्म आमच्याकडे भरले जातात. मी काही शिक्षक नाही आणि करिअर कौन्सिलर तर त्याहून नाही, पण मास्तर लोकांना जे दिसत नाही ते आम्हाला दिसतं, कारण अकरावीचा फॉर्म भरायला आलेलं पोरगं दोन वर्षांनी बारावीची मार्कशीट घेऊन परत आमच्याच खुर्चीत येऊन बसतं, आणि फॉर्म नेमका कुठल्या रकान्यात अडतो ते आम्ही बघतो.

२०२५-२६ पासून अकरावी सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाईन झाली, आधी हे मोठ्या शहरांपुरतंच होतं. आता आमच्या खेड्यातलं पोरगं पण दहा कॉलेजांचे पर्याय भरतं. त्या दहा पर्यायांवर घरात केवढी चर्चा होते म्हणता, कुठलं कॉलेज, एसटी कुठून, होस्टेल आहे का, मामाचं गाव जवळ पडतं का. पण फॉर्मात आपण शाखा भरतो, सायन्स. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ), पीसीबी (मॅथच्या जागी बायो) की चारी विषय, हे ठरतं कॉलेजच्या खिडकीवर, कागद जमा करताना, मागे रांग लागलेली असते, क्लार्क मान वर न करता विचारतो "मॅथ का बायो?" आणि पोरगं शेजारी उभ्या मित्राने काय लिहिलं ते बघतं. झालं, ठरलं. पुढच्या चाळीस वर्षांचा धंदा काय करायचा त्यातली अर्धी दारं तिथेच लागतात आणि घरी जाऊन कुणी सांगत पण नाही.

आमच्याकडे याचा एक ठरलेला हिशोब आहे. हुशार असला तर बायो, कारण डॉक्टर. मुलगी असली तर बायो, कारण नाही विचारायचं. दहावीला गणितात मार्क कमी पडले तरी बायोच. एक बाबा सेंटरवर येऊन मला म्हणतात, "आमनी पोरले गनित जमत नही भाऊ, बायो लिखी टाक," आणि पोरगी मागे उभी, तिला दहावीला गणितात शंभरात ८४. मी म्हटलं काका, हे जमत नाही म्हणता? तर म्हणे सायन्सला ९३ आहेत ना. बरं, हे ठरवताना त्या पोरीला कुणी विचारलं होतं असं तिच्या तोंडावरून वाटलं नाही.

आता गणित सोडलं तर काय काय जातं ते बघा. इंजिनिअरिंग जातं, हे सगळ्यांना माहिती आहे. पण त्याच्या पुढचं माहिती नसतं. आर्किटेक्चरला गणित लागतं. विमान चालवायचं कमर्शियल लायसन्स काढायचं तर बारावीला फिजिक्स आणि मॅथ लागतं. मर्चंट नेव्हीचे डेकचे आणि इंजिनचे कोर्स पीसीएमवर आहेत. सैन्यात अधिकारी व्हायच्या एनडीएचा तर घोळच आहे, आर्मीसाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते पण नेव्ही आणि एअर फोर्सला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ पाहिजे. २०२१ ला सुप्रीम कोर्टाने आदेश दिला तेव्हापासून मुलींना पण एनडीएची परीक्षा देता येते, आमच्या भागात पहाटे ग्राउंडवर पळणाऱ्या पोरी वाढल्यात ते बघून बरं वाटतं, पण त्यातल्या एकीला बारावीच्या वर्षात, फॉर्म भरायला बसल्यावर कळलं की पीसीबीवर एअर फोर्स नाही मिळत. आर्मीचा पर्याय टाकून फॉर्म भरला तिने, पण स्वप्न विमानाचं होतं. स्टॅटिस्टिक्स, डेटा वगैरे जे आता सगळे बोलतात त्याच्या मुळाशी पण गणितच आहे.

बायो सोडलं तर काय जातं? एमबीबीएस, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, म्हणजे नीटवाले सगळे. जनावरांचा डॉक्टर पण त्यातच आला, हे निम्म्या लोकांना माहिती नसतं, व्हेटर्नरीला पण नीटचे मार्क आणि बायो लागतं. बी.एस्सी. नर्सिंगला बायो लागतं. आणि ज्यांना दोन्हीकडून प्रवेश आहे ते कोर्स तर कुणी सांगतच नाही. बी.फार्मला फिजिक्स-केमिस्ट्री लागतं, सोबत मॅथ असो की बायो असो, चालतं. डी.फार्मचं पण तसंच. बी.एस्सी. ॲग्रीला एमएचटी-सीईटीचा कुठलाही ग्रुप चालतो, पण कृषी इंजिनिअरिंग करायचं तर पीसीएम पाहिजे. आमच्याकडे ॲग्री म्हटलं की सगळं एकच समजतात.

आता नीटबद्दल बोलतो, राग येईल काहींना पण बोलतो. २०२५ ला देशात २२ लाखांच्या वर पोरांनी नीट दिली. एमबीबीएसच्या सगळ्या मिळून जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. उरलेल्यांची फी आपल्या दहा एकर केळीवाल्याला पण झेपत नाही, कोरडवाहू कापूसवाल्याचं सोडूनच द्या. लोक म्हणतात आता आपल्याकडे तिन्ही जिल्ह्यांत सरकारी मेडिकल कॉलेज आहे, धुळ्याचं जुनं, जळगावचं २०१८ चं, नंदुरबारचं २०२० चं, मग आपल्या पोरांचा नंबर लागेलच. तसं होत नाही हो. १५ टक्के जागा देशपातळीवर भरतात, बाकीच्या ८५ टक्के राज्याच्या मेरिटवर, नंदुरबारच्या कॉलेजात लातूरचं पोरगं येतं आणि आपलं पोरगं दोन मार्क जास्त असले तर गोंदियाला जातं. कॉलेज जवळ आलं म्हणून सीट जवळ आली असं समजून ग्रुप ठरवू नका.

नीट देऊ नका असं मी म्हणत नाहीये. ज्याला खरंच डॉक्टर व्हायचंय त्याने द्यावी, एकदा राहिली तर परत द्यावी. पण बायो घेताना नुसतं "डॉक्टर" एवढा एकच शब्द डोक्यात असला की नीट गेली की पोरगं रिकामं होतं, ड्रॉप, परत ड्रॉप, मग लाजेने घराबाहेर निघत नाही. त्याऐवजी घेतानाच बापाने आणि पोराने मिळून तीन नावं कागदावर लिहावी, एमबीबीएस नाही तर काय आणि ते पण नाही तर काय. पीसीबीवाल्याला कामं कमी आहेत का? आपल्याच सातपुड्यात बघा, धडगाव, अक्कलकुवा भागात आदिवासी समाजात सिकलसेल किती आहे ते तिथल्या कुठल्याही आरोग्य केंद्रात विचारा. २०२३ च्या जुलैत केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू केलं, त्यात तपासण्याच मुख्य आहेत, आणि तपासणी डॉक्टर थोडीच करतो, लॅब टेक्निशियन करतो. आधी सोल्युबिलिटी टेस्ट, ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी, कारण माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण आहे ते पहिल्या टेस्टवरून कळत नाही. हे काम पावरी नाहीतर भिली बोलणाऱ्या पोराने केलं तर आई-बाप मोकळं बोलतील, लग्नाआधी तपासून घ्या हे समजावून सांगता येईल. बारावी बायोवाल्याला हा रस्ता उघडा आहे. पण तो कुणाच्या जाहिरातीत नसतो, कारण त्याला दोन लाखांचा क्लास लागत नाही.

केळीचं घ्या. रावेर, यावलला केळीवर सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) आला की शेतकरी झाडं उपटून फेकतो, मावा तो व्हायरस पसरवतो, रोपं टिश्यू कल्चरच्या लॅबमधून येतात तर तिथे व्हायरस तपासून मगच रोप बाहेर पाठवायचं असतं. हे सगळं बायोचं काम. आणि त्याच बागेत ठिबक बसवायचं तर पाईपचा व्यास, मोटरची हॉर्सपॉवर, शेवटच्या झाडापर्यंत प्रेशर किती राहील, हे फिजिक्स आणि गणित. साक्रीला १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प, दीपनगरला थर्मल वीज केंद्र, जळगावला डाळ मिल, तेल, पाईप, चटईचे कारखाने, तिथे इलेक्ट्रिकल लागतात, केमिकल लागतात, फूड टेक्नॉलॉजीवाले लागतात. आपल्या जळगावच्या विद्यापीठातच केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था आहे, जळगावला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे. पोरं पुण्याची नावं पाठ करतात आणि चाळीस किलोमीटरवर काय आहे ते मला विचारतात.

मग काही जण म्हणतात चारी विषय घ्या, पीसीएमबी, दोन्ही दारं उघडी. हे ऐकायला छान आहे. ज्याला गणित आणि बायो दोन्ही मनापासून आवडतं त्याने जरूर घ्यावं, पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधनाच्या केंद्रीय संस्थेसारख्या ठिकाणी जायचं तर त्यांच्या परीक्षेत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ, बायो चारींचे सारखे प्रश्न असतात, १५-१५, तिथे हा ग्रुप सोन्यासारखा. पण नुसतं भीतीने, कुठलंच दार बंद नको म्हणून घेतलं तर पोराची पार चटणी होते, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोची थेअरी ७० आणि प्रॅक्टिकल ३०, मॅथचे ८० आणि २०, वर इंग्रजी आणि दुसरी भाषा, वर क्लास. माझं स्पष्ट मत असं आहे की दहावीला गणित फार न रडता जमलं असेल तर ते सोडू नका, बायो सोबत ठेवायचं की नाही ते झेपेल तसं ठरवा. आणि गणिताचं पुस्तक उघडलं की पोराच्या पोटात गोळा येत असेल तर बिनलाज सोडून द्या, त्यात कमीपणा नाही, फक्त काय सोडतोय ते माहिती असू द्या. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्सवाला बायफोकल, म्हणजे धंद्याचा जोडविषय, २०० मार्कांचा असतो, त्याच्यात दुसरी भाषा आणि एक विषय जातो, बहुतेक वेळा बायोच. मार्क चांगले मिळतात म्हणून सगळे घेतात, पण नीट द्यायची असेल तर आधी विचारून घ्या, तुमच्या कॉलेजात बायो राहतं का.

कुणाचा ग्रुप आधीच चुकला असेल तर अगदीच रस्ता नाही असं पण नाही. बारावीनंतर राहिलेला विषय एनआयओएसमधून (केंद्राचं मुक्त विद्यालय) देता येतो, आपल्या बोर्डाचा पण आयसोलेटेड, म्हणजे सुटा विषय, म्हणून फॉर्म असतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये एनएमसीने (मेडिकलचे नियम ठरवणारा केंद्राचा आयोग) तर सांगितलं की बारावीला बायो नव्हतं पण नंतर ॲडिशनल विषय म्हणून दिलं तरी नीट देता येईल. आमच्याकडे एका पोराने बारावी पीसीबी करून, नीट सोडून नंतर असंच गणित दिलं, वर्ष गेलं पण आता इलेक्ट्रिकलला आहे. वर्ष गेलं ते मात्र गेलंच.

अजून एक, भुसावळ आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे आमच्याकडे निम्म्या घरांत रेल्वेचं वेड. लोको शेड, वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी, सगळ्यांना तिथे चिकटायचंय. आणि त्यासाठी सायन्स घेतात. अरे बाबा, असिस्टंट लोको पायलटच्या जाहिरातीत दहावी अधिक आयटीआय नाहीतर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा मागतात, बारावी सायन्स त्यात कुठे बसतच नाही. ज्याला हाताने काम आवडतं, मोटर खोलायला आवडते, त्याने अकरावी सायन्सच्या मागे लागण्यापेक्षा दहावीनंतर पॉलिटेक्निकचा फॉर्म भरावा, तीन वर्षांचा डिप्लोमा, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी आहे, आणि पुढे शिकायचं असेल तर इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला जाता येतं. पण आमच्याकडे आयटीआय, डिप्लोमा म्हणजे कमी मार्कवाल्यांचं असं डोक्यात बसलंय, लग्नाच्या बायोडाटात "बारावी सायन्स" बरं दिसतं ना.

अकरावीचं पण बोललं पाहिजे. ॲडमिशन झालं की सगळे झोपतात, बोर्ड तर बारावीला आहे म्हणतात. एमएचटी-सीईटीला अकरावीचा भाग २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के असतो म्हणून तिथे खपून जातं, वर सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही. पण नीट आणि जेईईत असं काही नसतं, तिथे अकरावीवर बारावीइतकेच प्रश्न येतात, नीटला चुकलं की एक मार्क कापतात. जे पोरगं अकरावी फुकट घालवतं ते आपोआप सीईटीपुरतं उरतं, मग ग्रुप कुठलाही असो. आणि काही कॉलेजं, नाव नको, क्लाससोबत टाय-अप करून दोन वर्षं लॅबचं दार उघडत नाहीत, प्रॅक्टिकलचे मार्क घरबसल्या, आणि पोराने ब्युरेट हातात पहिल्यांदा धरली ती थेट डिग्रीला गेल्यावर. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने क्लासवाल्यांसाठी नियम काढले की सोळा वर्षांखालच्या पोराला घ्यायचं नाही, दहावीची परीक्षा झाल्यावरच घ्यायचं. आणि आमच्या चौकात आठवीच्या पोरांसाठी नीट फाउंडेशनचा बोर्ड लागलाय, चांगला मोठा, लाईटिंगसकट.

शेवटचं म्हणजे कागद. ग्रुप बरोबर, मार्क बरोबर, आणि जात वैधता नाही म्हणून राखीव जागा हातातून गेली, असं दरवर्षी होतं, पावरा, भिल्ल पोरांचं तर फारच. अकरावी सायन्सला बसलं की त्याच वर्षी कॉलेजमार्फत व्हॅलिडिटीचा अर्ज टाका, आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायला वेळ लागतो, मूळ गाव कधी कधी मध्य प्रदेशच्या हद्दीत निघतं. नॉन-क्रिमिलेअर तर जुनं चालत नाही, मुदत बघा. निकालानंतर आमच्याकडे येऊन "भाऊ उद्यापर्यंत काढी दे" म्हटलं तरी ते काम तहसीलचं आणि समितीचं आहे, माझ्या प्रिंटरचं नाही.

तर साहेब, चौकट छापा. एका बाजूला मॅथ लागणारे कोर्स, एका बाजूला बायो लागणारे, मध्ये दोन्ही चालणारे, आणि खाली डिप्लोमा, आयटीआय. माहिती सीईटी सेल, नीट-जेईई घेणारी एनटीए, एनएमसी आणि यूपीएससीच्या साईटवरून त्याच वर्षीची घ्या, नियम थोडे थोडे बदलत असतात. आणि दहावीच्या निकालाच्या दिवशीच छापा, पहिला राऊंड लागल्यावर छापून काही फायदा नाही. ज्युनिअर कॉलेजच्या प्राचार्यांना पण विनंती, तेच कात्रण मोठं करून ॲडमिशनच्या खिडकीला चिकटवा, रांगेत उभ्या बापाला वाचायला वेळच वेळ असतो. मी माझ्या सेंटरवर लावणारच आहे, तुमच्या पेपरचं नाव न कापता.

आपला एक वाचक,
ऑनलाईन सेंटरवाला, ता. पारोळा, जि. जळगाव